फायरवॉल वेशीवर, चोर माजघरात

लातूरकडच्या एका पतसंस्थेत मागच्या उन्हाळ्यात नेटवर्क बघायला गेलतो. मॅनेजर साहेब कौतुकानं म्हणाले, लई महागाची फायरवॉल बसवलीय, आता कशाचं भ्याव नाही. फायरवॉल म्हणजे नेटवर्कातल्या येण्याजाण्यावरचा पहारेकरी. ती चांगलीच होती हो, पण बसवली होती इंटरनेटच्या तोंडाशी. आतले 18 कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर, हजेरीचं थंब मशीन, सगळं एकाच स्विचला (सगळ्या वायरी जोडायचा डबा), एकाच नेटवर्कात, आणि अशी दोन मशीनं आपसात बोलली की ते फायरवॉलपर्यंत जातच नाही, स्विच परस्पर इकडचं तिकडं पोचवतो. कॅशियरच्या मशीनवरून कोण सर्व्हरला, म्हणजे मुख्य कॉम्प्युटरला, काय करायलंय हे फायरवॉलला कळणार कुठून?

आतला धोका म्हटलं की फितूर क्लार्क आठवतो. तसाही असतो एखादा, पण पुष्कळदा माणूस सरळ असतो अन् त्याचं मशीन फितूर झालेलं असतं, पेनड्राइव्हनं नाहीतर मेलमधल्या खोट्या बिलानं. मे 2017 मधलं वॉनाक्राय, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं, 150 पेक्षा जास्त देशांत गेलं ते विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या 445 नंबरच्या पोर्टातून (पोर्ट म्हणजे मशीनचं नंबर असलेलं दार), एक मशीन घावलं की शेजारची हुडकत सुटायचं. मायक्रोसॉफ्टनं त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मार्चमध्येच दिला होता, ते जाऊ द्या. पण कॅशियरच्या कॉम्प्युटरला क्लार्कच्या कॉम्प्युटरचं 445 उघडं लागतंय कशाला? लॉगिनही असंच फितूर होतं. अमेरिकेत 2013 मध्ये टार्गेट नावाच्या दुकानांतून सुमारे 4 कोटी कार्डांची माहिती गेली, चोर आत आले ते एसीचं काम करणाऱ्या ठेकेदाराच्या लॉगिनवर.

मग आम्ही पतसंस्थेच्या स्विचवर व्हीलॅन पाडले, म्हणजे एकाच स्विचचे आतून वेगवेगळे भाग. काउंटर वेगळे, सर्व्हर वेगळा, कॅमेरे वेगळे. आता एका भागातून दुसऱ्यात जायचं तर फायरवॉलमधूनच जावं लागतं. काउंटर-काउंटरमधलं मात्र अजून तिला दिसत नाही, म्हणून प्रत्येक मशीनची विंडोजची फायरवॉल चालू केली, ती कुणीतरी प्रिंटर चालंना म्हणून बंद करून ठेवली होती.

मोठ्या फायरवॉलचे नियम उघडले तर सगळ्यात वर 'एनी टू एनी अलाऊ', म्हणजे कुणीही कुणाशीही बोला, नाव 'टेस्ट'. फायरवॉल नियम वरून खाली वाचते आणि पहिला जुळला की तिथंच थांबते, म्हणजे खालचे सगळे नियम नुसते शोभेला! तो काढला, गरजेपुरते नियम लिहिले, शेवटी 'बाकी सगळं बंद'. बाहेर जाणाऱ्यालाही तेच, कारण घुसलेला व्हायरस आपल्या मालकाला, म्हणजे चोराला, फोन आतूनच लावतो.

बंद करायच्या आधी आठवडाभर नुसता लॉग, म्हणजे फायरवॉलची नोंदवही, बघितला होता, कोण कुणाशी बोलतंय ते. वाटलं झालं काम. अन् 30 तारखेला फोन, "सर, हजेरी खाली येईना की, पगार कसा काढायचा? कामून बंद केलं?" थंब मशीनमधून हजेरी 4370 पोर्टवरून महिन्यातून एकदाच उतरवायचे, आमच्या आठवड्यात ती कुठून दिसणार. आता लॉग पगार होईपर्यंत चालू ठेवतो.