एकाच लेबलाखालची दोन कापडे : बर्फात चालण्यासाठी आणि स्की टूरिंगसाठी सॉफ्टशेल पँट निवडताना

नाशिकहून हिवाळ्यात केदारकंठा किंवा ब्रह्मतालला निघालेल्या ट्रेकरच्या हाती सामानाची जी यादी पडते, तिच्यात ‘सॉफ्टशेल पँट, एक’ अशी ओळ हमखास असते. गुलमर्ग किंवा औलीला स्कीइंग शिकून पुढे स्की टूरिंगकडे, म्हणजे लिफ्टचा आधार न घेता स्कीच्या तळाला स्किन (मागे घसरू न देणारी लवदार पट्टी) लावून स्वतःच्या पायांनी उतार चढण्याकडे वळलेल्यांच्या यादीतही तीच ओळ असते. अडचण अशी की या एका नावाखाली दुकानात दोन अगदी वेगळ्या स्वभावाची कापडे विकली जातात आणि लेबलवर दोघांचे वर्णन जवळजवळ सारखेच असते : ताणली जाणारी, वारा अडवणारी, पाणी झटकणारी, घाम बाहेर सोडणारी. यांपैकी एका कापडाच्या आत मेम्ब्रेनचा, म्हणजे वारा रोखणाऱ्या प्लास्टिकसारख्या पडद्याचा, अतिशय पातळ थर चिकटवलेला असतो, तर दुसऱ्यात तो नसतो आणि जे काही काम व्हायचे ते केवळ दाट विणीच्या जोरावर होते. पायांसाठी कोणते घ्यावे हा प्रश्न खरे तर या दोहोंमधला आहे.

दोन्ही ओळखण्याची सर्वांत भरवशाची रीत म्हणजे फुंकर. पँटचा मांडीकडचा भाग ओठांशी घट्ट धरावा, जोरात फुंकावे आणि दुसऱ्या बाजूला तळहात ठेवावा. मेम्ब्रेन असेल तर सहसा हवा पुढे जात नाही, गाल फुगतात आणि तळहाताला काहीच जाणवत नाही. मेम्ब्रेन नसेल तर श्वासाची ऊब थोडी उशिरा, थोडी मंद, पण नक्की पोचते. आणखी एक खूण बोटांना कळते. विनामेम्ब्रेन कापड मुठीत चुरगाळले तर आवाज न करता गोळा होते आणि सोडताच मोकळे होते. मेम्ब्रेनचे कापड किंचित रबरासारखे जड वाटते आणि त्याच्या घड्या सावकाश उलगडतात. विक्रेत्याला विचारून उत्तर मिळेलच असे नाही, कारण लेबलवर ‘विंडप्रूफ’ आणि ‘विंड रेझिस्टंट’ हे दोन शब्द बरेचदा सैलपणे वापरलेले असतात.

आता या फरकाने पायांना काय होते ते पाहू. चढताना मांड्यांचे मोठे स्नायू सतत काम करत असतात, त्यामुळे उष्णता आणि घाम दोन्ही भरपूर निर्माण होतात. विनामेम्ब्रेन कापडातून हवेची थोडी ये-जा चालू असते आणि प्रत्येक पावलागणिक पँटच्या आतली दमट हवा ढकलली जाऊन तिच्या जागी कोरडी हवा येते. मेम्ब्रेनमधून हवा अशी वाहत नाही. तिथे बाष्पाला आत-बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकाच्या जोरावर थरातून झिरपत जावे लागते. हा वेग बसून राहिलेल्या माणसाला पुरतो, पण पाठीवर सॅक घेऊन तासन्‌तास चढणाऱ्याला बहुधा पुरत नाही. मग घाम मेम्ब्रेनच्या आतल्या बाजूला साचतो, थर्मल ओला होतो आणि थांबल्यावर तोच ओलावा थंडी वाजवतो. कडाक्याच्या थंडीत तर मेम्ब्रेनच्या आत बारीक हिमकण धरलेलेही दिसतात.

म्हणून पायी चढाईचा भाग मोठा असेल तेव्हा पायांसाठी विनामेम्ब्रेन दुपदरी विणीचेच कापड घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बाहेरून टणक नायलॉन आणि आतून मऊ, किंचित लोकरी पृष्ठ अशी त्याची रचना असते, आणि स्वित्झर्लंडच्या शोलर गिरणीची अशी कापडे गिर्यारोहकांत फार पूर्वीपासून नावाजलेली आहेत. मेम्ब्रेनला नाकारायचे असे नाही. लिफ्टने वर जाऊन केवळ खाली उतरणाऱ्या स्कीअरला, वाऱ्यात दोर धरून तासभर एका जागी उभे राहणाऱ्याला, किंवा स्वभावतःच पाय गारठणाऱ्याला त्याचा खरा उपयोग आहे. पण जॅकेटला लागू पडणारा हिशेब लोक पँटलाही लावतात, तिथे गफलत होते. जॅकेट उघडता येते, काढून सॅकला अडकवता येते. बूट आणि क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे दात) चढवलेले असताना पँट काढता येत नाही. जी वस्तू दिवसभर अंगावरच राहणार, तिने घाम सोडला पाहिजे.

स्की टूरिंगमध्ये उतरताना वाऱ्याचा झोत मांड्यांवर बसतो, हे मात्र खरे. त्यावर काही कंपन्यांनी काढलेला तोडगा मला पटतो : मांडीच्या पुढच्या बाजूला आणि गुडघ्यावर वारा अडवणारे कापड, तर मागे व आतल्या बाजूला हवा खेळवणारे. अशी पँट मिळाली आणि परवडली तर वाद मिटतो. नाही तर मांडीच्या बाजूला लांब झिप असलेली साधी सॉफ्टशेल घ्यावी, चढताना ती झिप उघडी आणि उतरताना बंद ठेवावी.

पाण्याबाबत दोघांकडून फार अपेक्षा ठेवू नये. नव्या कापडावर पाणी टाकले तर ते अळवाच्या पानावरच्यासारखे गोळा होऊन घरंगळते, आणि ते पाहून अनेकांना ही पँट पावसाची आहे असे वाटते. ते केवळ वरच्या लेपाचे काम असते. मेम्ब्रेनच्या सॉफ्टशेलमध्ये खुद्द थर पाणी अडवू शकला तरी बहुतेक पँटच्या शिवणी आतून टेप लावून बंद केलेल्या नसतात, त्यामुळे पाणी सुईच्या भोकांतून शिरते. शून्याखालच्या तापमानात बर्फ कोरडा असतो, कापडावर पडून झटकला जातो, आणि तिथे दोन्ही प्रकार छान चालतात. मार्च-एप्रिलचा ओला बर्फ किंवा पाऊस असेल तर हार्डशेलची, म्हणजे पाणी पूर्ण अडवणाऱ्या कापडाची, हलकी ओव्हरपँट सॅकमध्ये हवी, आणि तिला बूट न काढता घालता येईल अशी बाजूने पूर्ण उघडणारी झिप हवी. हार्डशेलच्या लेबलवर १०,००० किंवा २०,००० मिलिमीटर असा आकडा असतो, तो कापडाने सहन केलेल्या पाण्याच्या स्तंभाची उंची सांगतो. सॉफ्टशेलवर असा आकडा नसला तर ती लपवाछपवी नव्हे, ते तिचे काम नाही.

कापड ठरले तरी बेत, म्हणजे कटिंग, उरतेच, आणि इथे स्की टूरिंगची पँट चालण्याच्या पँटपासून स्पष्टपणे वेगळी होते. स्कीच्या बुटाचा नळा जाड आणि ताठ असतो, म्हणून टूरिंग पँटची खालची मोहरी रुंद असते, तिला झिप देऊन आणखी रुंद करता येते, आणि बुटाची बकले व चालताना घोटा मोकळा करणारी मागची कळ पँट वर न करता हाताशी येते. आतल्या घोट्याला जाड, न फाटणाऱ्या कापडाचा तुकडा असतो, कारण स्कीची पोलादी धार दुसऱ्या पायाच्या पँटला सतत घासते. हीच रुंद मोहरी क्रॅम्पॉन घालून चालणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते : क्रॅम्पॉनचा दात दुसऱ्या पायाच्या सैल कापडात अडकला की तोल जातो, आणि कडक बर्फाच्या उतारावर गुळगुळीत नायलॉन घसरगुंडीला आणखी वेग देते. चालण्यासाठी म्हणूनच खाली निमुळती, घोट्याशी आवळता येणारी आणि लेसला अडकवायचा हुक असलेली पँट घ्यावी. तीच पँट स्कीच्या बुटावरून मात्र खाली येणार नाही. दोन्ही छंद एकाच पँटवर भागवायचे असतील तर टूरिंगची घेऊन चालताना वरून गेटर (घोट्यापासून पोटरीपर्यंत बांधायचे आवरण) बांधावेत. उलट बाजूने जुळवून घेता येत नाही.

टूरिंग पँटच्या मांडीवर कधी कधी आतून दोरी अडकवायची सोय असलेला खिसा असतो. तो हिमस्खलनात शोध घेण्यासाठी लागणाऱ्या ट्रान्सीव्हरचा. त्या खिशात किंवा शेजारी मोबाइल ठेवू नये. संदेश सोडणाऱ्या ट्रान्सीव्हरपासून मोबाइल व इतर विजेची उपकरणे किमान २० सेंटिमीटर, आणि शोध घेताना किमान ५० सेंटिमीटर दूर ठेवावीत, असा सर्वमान्य नियम आहे.

ही पँट सह्याद्रीत वापरावी का, असे नाशिकमध्ये विचारले जातेच. बारीहून पहाटे अंधारात कळसूबाई चढताना किंवा डिसेंबरच्या वाऱ्यात साल्हेरच्या माथ्यावर थांबताना पातळ, विनामेम्ब्रेन सॉफ्टशेल सुखाची वाटते, आणि करवंदीच्या जाळ्यांपुढे व कातळाच्या घासण्यापुढे ती साध्या ट्रॅकपँटपेक्षा कितीतरी जास्त टिकते. ऊन चढले की तिचे ओझे होते. पावसाळ्यात हरिहर किंवा ब्रह्मगिरीला मात्र यांतले काहीच नेऊ नये. ढोबळ गणित असे : अंगाजवळची हवा ३४ अंश सेल्सियसला बाष्पाने भरलेली धरली तर तिचा बाष्पदाब सुमारे ५.३ किलोपास्कल असतो. बाहेर उणे १० अंशांची थंडी असेल तर तो ०.३च्याही आत असतो, पण २४ अंशांच्या ढगात तो जवळजवळ ३ असतो. घाम बाहेर ढकलणारा फरक त्यामुळे निम्म्याहून कमी उरतो, आणि महागातली महाग मेम्ब्रेनही आपल्या श्रावणात थिटी पडते. तिथे पटकन वाळणारी पातळ नायलॉनची पँट बरी. भिजायचेच आहे, तर लवकर वाळणे महत्त्वाचे.

दुकानात पँट बघताना थर्मल आतून घालूनच बघावी. गुडघा छातीपर्यंत उचलावा, मग खाली उकिडवे बसावे. कंबर मागून खाली सरकली किंवा मांडीत कापड ताणले तर माप चुकले. सॅकचा कमरपट्टा बांधून खिसे उघडता येतात का, तेही बघावे, कारण पट्ट्याखाली दबलेला खिसा असून नसल्यासारखा.

धुताना कपड्यांचे सुगंधी कंडिशनर अजिबात वापरू नये. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि पाणी झटकणारा लेप निकामी होतो. थोडे सौम्य द्रव साबण घ्यावे, झिपा बंद कराव्यात, दोनदा खळबळावे आणि घरकामाच्या बाईंना ब्रश न लावण्याबद्दल आधीच सांगावे. वाळल्यावर पाणी पुन्हा गोळा होईनासे झाले असेल तर, लेबलवर परवानगी असल्यास, मंद इस्त्री सुती कापड मध्ये ठेवून फिरवावी. उष्णतेने लेप बऱ्याच अंशी पूर्ववत होतो. हे काम नाक्यावरच्या कोळशाच्या इस्त्रीकडे देऊ नये, तिच्या तापाने नायलॉन चकाकते आणि इलास्टेनचा, म्हणजे कापडातल्या ताणल्या जाणाऱ्या धाग्याचा, ताण कायमचा जातो. मंद इस्त्रीनेही फरक पडला नाही, तर लेप झिजला असे समजून नव्या लेपाचा स्प्रे आणावा.