नथु ला मार्गे कैलास मानसरोवर: बसच्या जागेसाठी अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

परराष्ट्र मंत्रालयाची कैलास मानसरोवर यात्रा दोन वाटांनी जाते, उत्तराखंडातून लिपुलेखमार्गे आणि सिक्कीममधून नथु लामार्गे. दुसरी वाट २०१५ साली सुरू झाली. ‘आता गुडघे साथ देत नाहीत, पण बसमध्ये बसवेल’ असं म्हणणाऱ्यांचा ओढा तेव्हापासून तिकडेच आहे. त्यात तथ्य आहे. नथु लाची खिंड उतरल्यावर बस कांगमा, लाझी, झोंगबा असे मुक्काम घेत तिबेटचं पठार आडवं कापते आणि कैलासच्या पायथ्याच्या दारचेनला पोचवते. खिडकीबाहेर तासन्‌तास नुसतं माळरान, झाडाचं नाव नाही, मधूनच याकचा कळप आणि कडेला बर्फाची रांग.

पण या रस्त्याचा बहुतेक भाग ४,००० मीटरच्या वर आहे. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५७ टक्के उरतो. बसमध्ये पाय वाचतात, फुप्फुसांना सुट्टी मिळत नाही. उलट चालताना धाप लागते आणि माणूस आपोआप हळू होतो. बसमध्ये ती सूचना मिळत नाही आणि शरीर सावरायच्या आत उंची वाढलेली असते. अर्जातल्या अटी जाचक वाटल्या तर हे आठवावं.

पात्रतेच्या अटी थोड्या आहेत, पण त्यांत सवलत नाही. अर्जदार भारतीय नागरिक हवा. परदेशी नागरिकांना अर्ज करता येत नाही आणि ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डधारकही त्यातच मोडतात. यात्रेच्या वर्षाच्या १ जानेवारीला वय १८ पूर्ण हवं आणि ७० पेक्षा जास्त नको. पासपोर्ट त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरला किमान सहा महिने वैध असायला हवा. तारीख नीट पाहा: अर्जाच्या दिवसापासून किंवा निघण्याच्या दिवसापासून सहा महिने मोजायचे नाहीत. २०२५ मध्ये नोंदणी २६ एप्रिलला सुरू होऊन १३ मे रोजी बंद झाली. अर्ज सुरू झाल्यावर पासपोर्ट नूतनीकरणाला टाकला तर अडीच आठवड्यांत तो हातात येईल या भरवशावर राहू नका. हे काम जानेवारी-फेब्रुवारीतच उरका.

शेवटची अट बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २५ किंवा त्याहून कमी. ‘मी तसा जाड नाही’ म्हणून इथे भागत नाही, आकडाच काढावा लागतो. उंची मीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा आणि २५ ने गुणा. जे येईल ते तुमचं कमाल वजन. १६० सेंटिमीटर उंचीला ६४ किलो, १६५ ला ६८, १७० ला सव्वाबहात्तर, १७५ ला साडेशहात्तर. चारचौघांत ‘अंगाने बरा’ म्हणवणारा १६५ सेंटिमीटरचा, ७४ किलोचा माणूस २७ च्या पुढे जातो. सहा किलो धडपणे उतरवायला तीन-चार महिने लागतात. शेवटच्या पंधरा दिवसांत उपाशी राहून काटा खाली आणला, तर अशक्तपणा घेऊनच पठारावर जाल.

अर्ज फक्त ऑनलाइन, मंत्रालयाच्या यात्रेसाठीच्या संकेतस्थळावर. पासपोर्टचं फोटो असलेलं पहिलं पान, कुटुंबाचा तपशील असलेलं शेवटचं पान आणि स्वतःचा फोटो स्कॅन करून चढवायचा असतो. मराठी नावांचा घोळ ठरलेला: पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आणि अर्ज भरताना लोक ते सवयीने गाळतात. पासपोर्टवर जसं छापलंय तसं, त्याच स्पेलिंगने भरा. व्हिसा त्यावरूनच निघतो. मार्गाचा पसंतीक्रम अर्जातच द्यायचा असतो. बरोबर जोडीदार असेल तर नोंद एकत्र करा. सुटे अर्ज केले आणि दोघांची नावं निघाली, तरी तुकडी एकच मिळेल असं नाही.

त्यानंतर संगणकीय सोडत. २०२५ मध्ये ५,५६१ जणांनी नोंदणी केली आणि ७५० जणांची निवड झाली. ५०-५० जणांच्या दहा तुकड्या नथु लाकडून गेल्या, पाच लिपुलेखकडून. निकाल एसएमएस आणि ईमेलने कळतो, म्हणून मुलाचा किंवा एजंटचा नंबर न देता स्वतःचा द्या. मिळालेला मार्ग किंवा तुकडी बदलायची विनंती करता येते, पण जागा रिकामी असेल तरच तिचा विचार होतो.

नाव निघालं की ठरलेल्या मुदतीत रक्कम भरून सहभाग पक्का करायचा. नथु लासाठी व्यवस्था सिक्कीमचं पर्यटन महामंडळ पाहतं. ही रक्कम परत मिळत नाही, पुढे वैद्यकीय तपासणीत बाद झालात तरीही. एकूण खर्च २०२५ मध्ये माणशी सुमारे २ लाख ८३ हजार रुपये होता, लिपुलेखचा सुमारे १ लाख ७४ हजार. बसच्या सोयीची किंमत ती हीच.

दिल्लीत हजर होताना मूळ पासपोर्ट आणि सहा रंगीत फोटो लागतात. शिवाय तीन कागद: क्षतिपूर्ती बंधपत्र, म्हणजे सगळे ज्याला इन्डेम्निटी बाँड म्हणतात ते, आणीबाणीत हेलिकॉप्टरने हलवावं लागलं तर त्याबद्दलचं प्रतिज्ञापत्र, आणि चीनच्या हद्दीत मृत्यू आल्यास अंत्यसंस्कार तिथेच करायला संमती. शेवटचा कागद वाचताना घरच्यांचा चेहरा उतरतो, म्हणून तो आदल्या रात्री त्यांच्यापुढे ठेवू नका, आधीच बोलून घ्या. बाँड स्टॅम्पपेपरवर करून नोटरीकडून साक्षांकित करायचा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या स्टॅम्पची जागा पाचशेच्या स्टॅम्पने घेतली आहे, तेव्हा जुना नमुना पाहून शंभराचा मागत फिरू नका. मजकूर मात्र संकेतस्थळावरचाच, शब्दशः. तिन्हींपैकी एक कागद कमी असला तरी पुढे सोडत नाहीत.

दिल्लीतला तीन-चार दिवसांचा मुक्काम मुख्यतः तपासणीसाठी असतो. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, फुप्फुसांची क्षमता, ट्रेडमिलवरची हृदयाची चाचणी. गावाकडून आणलेले अहवाल यातल्या कशालाही पर्याय ठरत नाहीत. तरी सोडतीची वाट न पाहता हीच यादी घेऊन आपल्या डॉक्टरकडे जाऊन यावं. रक्तदाब, साखर किंवा हिमोग्लोबिन मागेपुढे असेल तर ते आणायला हाताशी महिने हवेत, आणि सोडतीपासून पहिल्या तुकडीच्या प्रस्थानापर्यंत महिनाभरही मिळत नाही. उंचीच्या त्रासावर घेतल्या जाणाऱ्या डायमॉक्स या गोळीबद्दलही तेव्हाच विचारा. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते डॉक्टरला सांगायलाच हवं.

दुसरी गाळणी सिक्कीममध्ये. गंगटोकच्या वर दोन टप्प्यांत, साधारण १०,००० आणि १४,००० फुटांवर, शरीराला सवय लावायला थांबवतात आणि पुन्हा तपासतात. दिल्लीत पास झालेला माणूस इथून परत पाठवला जाऊ शकतो. डोकेदुखी, उलट्या लपवून पुढे सरकणारे काही असतात. त्यांचं दुखणं मग झोंगबाला उफाळतं, जिथे उंची कमी करायला जवळपास उतारच नाही.

पठारावर पोचल्यावर घड्याळ अडीच तास पुढे करा, तिबेटात बीजिंगची वेळ चालते. सकाळी आठला निघणारी बस म्हणजे आपल्या शरीराचे साडेपाच. चीनकडचं शुल्क डॉलरमध्ये रोख द्यावं लागतं, घोडा आणि हमालाचे पैसे युआनमध्ये. बस दारचेनपर्यंतच. डोल्मा ला ही सुमारे ५,६०० मीटरची खिंड ओलांडणारी तीन दिवसांची परिक्रमा पायी किंवा घोड्यावर, आणि बसच्या भरवशावर आलेल्यांची खरी परीक्षा तिथे होते.

व्हिसा सगळ्या तुकडीचा मिळून एकच कागद असतो, पासपोर्टवर वेगळा शिक्का नाही. म्हणून आत जाणं आणि बाहेर येणं एकत्रच. ल्हासा बघून दोन दिवसांनी येतो, असं तुकडीबरोबरच्या सरकारी संपर्क अधिकाऱ्याला विचारूही नका.