नशेत हात का उठतो?

"शुद्धीत असता तर हात उचलला नसता." सातारा-सांगलीकडच्या सोप्यात हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतंय. त्यात अर्धंच खरं आहे.

दारू मेंदूचा ब्रेक सोडते, ही जुनी समजूत. कपाळामागचा, स्वतःला आवरणारा भाग दारूने मंदावतो, एवढं खरं. पण 1975 साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. काहींना व्होडका दिली आणि नुसतं टॉनिक असल्याचं सांगितलं. काहींना टॉनिक देऊन व्होडका म्हटलं. जास्त आक्रमक झाले ते 'आपण प्यालोय' असं समजणारे, मग पोटात दारू असो वा नसो! 1990 मध्ये स्टील आणि जोसेफ्स यांनी नेमका मुद्दा मांडला: दारू नजर आखूड करते. आमटी अळणी लागली, बायको उलट बोलली, एवढंच समोर दिसतं. दाराआड उभं पोर, उद्याचं पोलीस ठाणं दिसत नाही.

आता क्वार्टरचा हिशेब. 180 मिली, 42.8 टक्के, म्हणजे सुमारे 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम निपटतं. रात्री नऊला रिचवलेली क्वार्टर पहाटेपर्यंत रक्तात असते. लिंबूपाणी, आंघोळ, काळा चहा यांनी हा वेग वाढत नाही. म्हणून जाब रात्री विचारू नये. तेव्हा आधी पोरांना घेऊन शेजारी जावं.

इथल्या बायकांना हे प्रयोगांच्या आधीपासून ठाऊक होतं. सांगली वेगळी होण्याआधीच्या सातारा जिल्ह्यात, 1943 पासून, प्रतिसरकारने दारूबंदी लावून धरली. 2008 च्या आदेशाने आडव्या बाटलीच्या, म्हणजे गावातलं दारूदुकान बंद करण्याच्या मतदानाची रीत ठरली: 25 टक्के महिला मतदारांचा अर्ज, मग मतदान. गाडं अडतं ते पुढे. निम्म्याहून जास्त मतं झालेल्या मतदानाच्या नव्हे, एकूण महिला मतदारांच्या हिशेबाने लागतात. ऊसतोडीला गेलेली, माहेरी असलेली बाई आपोआप दुकानाच्या बाजूने मोजली जाते. हे आम्हाला अन्यायाचं वाटतं.

कायद्याने मात्र 'नशेत होतो' ही सबब कधीच मानली नाही. स्वतःहून घेतलेली नशा पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत माफ नव्हती, आताच्या न्याय संहितेच्या कलम 23 मध्येही नाही. आणि रोज पिणाऱ्याने घरच्यांच्या धाकाने एका रात्रीत सोडू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, हात थरथरून भ्रम होतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.