गाफील गाठलेला ब्लॉक: नियमात बसणारा, तरीही डर्टी?

अमेरिकन फुटबॉलमध्ये एखाद्या ब्लॉकवरून, म्हणजे चेंडू नसलेल्याला अंगाने अडवण्यावरून, वाद पेटला की पहिलं नाव निघतं ते वॉरन सॅपचं. तारीख २४ नोव्हेंबर २००२. टॅम्पा बे बकनीअर्स विरुद्ध ग्रीन बे पॅकर्स. पॅकर्सचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) ब्रेट फार्व्ह याचा पास टॅम्पाच्या ब्रायन केलीने मधल्या मध्ये पकडला आणि तो उलट दिशेने पळत सुटला. पॅकर्सचा लाइनमन (क्वार्टरबॅकसमोर भिंत बनून उभा राहणारा) चॅड क्लिफ्टन चेंडूपासून बराच लांब होता आणि रमतगमत धावत होता. सुमारे १३५ किलोच्या सॅपने पळत येऊन त्याला असा काही खांदा दिला की क्लिफ्टन जमिनीवर पडला आणि उठलाच नाही. त्याच्या ओटीपोटाच्या हाडांचे सांधे आणि अस्थिबंध दुखावले होते. काही दिवस रुग्णालयात गेले, पुढचे कित्येक आठवडे आधाराशिवाय चालता येत नव्हतं, आणि तो हंगाम त्याच्यासाठी तिथेच संपला.

फाउलची खूण असलेला पंचांचा पिवळा रुमाल खिशातून बाहेर आला नाही. यायचं कारणही नव्हतं, कारण त्या दिवशीच्या नियमांप्रमाणे सॅपने काहीच चुकीचं केलं नव्हतं. सामना टॅम्पाने २१-७ असा जिंकला. त्यानंतर पॅकर्सचे प्रशिक्षक माइक शर्मन भर मैदानात सॅपसमोर जाऊन उभे राहिले आणि दोघांची जोरदार खडाजंगी झाली. शर्मन यांचा राग धडकेइतकाच धडकेनंतरच्या जल्लोषावर होता. खेळाडू हलत नाहीये आणि तुम्ही नाचताय, हा त्यांचा मुद्दा. सॅपचं म्हणणं, चेंडू हवेतून आमच्याकडे आला, आता तुम्ही सगळे पाठलाग करणारे आणि आम्ही सगळे वाट मोकळी करणारे. मैदानावर आहेस तर डोळे उघडे ठेव.

ज्यांनी हा खेळ कधी बघितला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. टॅकल फक्त चेंडू ज्याच्या हातात आहे त्यालाच करता येतो. बाकीच्यांना धरायचं नाही, पण अंगाने अडवायचं, ढकलायचं. याला ब्लॉक म्हणतात. पाठीवर ढकलणं चालत नाही. एरवी ब्लॉक हे बहुतेक वेळा समोरासमोरचं काम असतं, दोघांनाही माहीत असतं की समोरचा येणार आहे. पण पास मध्येच पकडला गेला किंवा पंट (लाथेने लांब उडवलेला चेंडू) परत आणला जात असला की एका क्षणात भूमिका उलटतात. जो आतापर्यंत अडवत होता तो पाठलाग करू लागतो. त्याची नजर चेंडूवर आणि पाय भलतीकडे. सगळ्यात भयंकर ब्लॉक इथेच होतात, कारण माणूस गाफील असतो.

मुळात ब्लॉक हाच या खेळातला परका पाहुणा. ज्या रग्बीतून हा खेळ निघाला, त्यात चेंडू नसलेल्याला अडवणं आजही गुन्हा आहे. अमेरिकन महाविद्यालयांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत ती अट हळूहळू सोडली, आणि मग ब्लॉक किती जोरात हा प्रश्न सुरू झाला तो आजतागायत. १८९२ मध्ये हार्वर्डने येलविरुद्ध ‘फ्लाइंग वेज’ काढला: खेळाडू दोन बाजूंनी धावत येऊन पाचर बनवतात आणि तिच्या आडून चेंडूवाला पुढे घुसतो. ही कल्पना लॉरिन डेलँड यांची, आणि ते स्वतः फुटबॉल खेळलेलेही नव्हते. बुद्धिबळाचा शौक आणि लष्करी डावपेचांचं वाचन, एवढ्या भांडवलावर त्यांनी हा राक्षस जन्माला घातला. दोनच वर्षांत त्यावर बंदी आली, पण घोळक्याने अंगावर जाण्याची चटक काही सुटली नाही. १९०५ च्या हंगामात डझनाहून अधिक तरुण मैदानावरच्या दुखापतींनी दगावले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं होतं. १९०६ मध्ये पुढे पास टाकायला परवानगी मिळाली ती या गर्दीची कोंडी फुटावी म्हणून. म्हणजे आज ज्या पासमुळे हा खेळ देखणा वाटतो, तो आला धसमुसळेपणावरचा उतारा म्हणून.

एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये डर्टी ब्लॉकर म्हणून गाजलेला पहिला मोठा माणूस सेंट लुइस कार्डिनल्सचा गार्ड, म्हणजे क्वार्टरबॅकला सांभाळणारा लाइनमन, कॉनरॅड डोब्लर. जुलै १९७७ मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने त्याला मुखपृष्ठावर घेतलं ते व्यावसायिक फुटबॉलमधला सर्वांत डर्टी खेळाडू म्हणूनच. चावणं, थुंकणं, लाथा, ढिगाऱ्याखाली गुद्दे. त्याच्यावरच्या आरोपांची यादी मोठी होती, आणि तिचा त्याला संकोच नव्हता. समोरचा चिडला की तो चेंडू विसरून डोब्लरच्या मागे लागायचा. हिशेब चोख होता: १९७५ च्या अख्ख्या हंगामात त्याच्या संघाच्या क्वार्टरबॅकला प्रतिस्पर्ध्यांनी फक्त ८ वेळा पाडलं, आणि तो तेव्हाचा विक्रम ठरला.

पण डोब्लरचा डर्टीपणा सरळ होता, असं मला वाटतं. तो नियम मोडायचा आणि पंचांच्या नजरेआड मोडायचा. त्यात वाद घालायला फारसं काही नव्हतं. पकडला गेला की दंड. सॅपचं प्रकरण वेगळं. तिथे सगळं उघड्यावर झालं, हजारो प्रेक्षकांसमोर, आणि नियमाच्या चौकटीत. वाद पेटतात ते या दुसऱ्या जातीच्या ब्लॉकवर. आपल्याकडे विनू मंकड यांनी १९४७ मध्ये सिडनीला बिल ब्राउनला गोलंदाजाच्या टोकाला धावबाद केलं, तेव्हा जे झालं तेच. पुस्तक म्हणतं बाद, लोक म्हणतात हे शोभत नाही, आणि मग पिढ्यान् पिढ्या चर्चा. फरक एवढाच की क्रिकेटमध्ये २०२२ मध्ये एमसीसीने ही कृती ‘अयोग्य खेळा’च्या कलमातून उचलून साध्या धावबादच्या कलमात ठेवली, म्हणजे नियम मंकड यांच्या बाजूने गेला. फुटबॉलमध्ये नियम दर वेळी ब्लॉक करणाऱ्याच्या विरोधात गेला.

सॅपच्या आधीही ही प्रक्रिया चालूच होती. बाहेरून आत वळून बचावपटूच्या गुडघ्यावर झेपावणारा क्रॅकबॅक ब्लॉक १९७४ मध्ये बंद झाला. किकऑफ आणि पंटवर कमरेखाली ब्लॉक करायला १९७९ पासून मनाई झाली. एकाने वरून धरायचं आणि दुसऱ्याने खालून पाय काढायचे, हा चॉप ब्लॉक मात्र हट्टी निघाला. त्याच्या एकेका उपप्रकारावर बंदी येत येत २०१६ उजाडलं, तेव्हा कुठे तो पूर्ण हद्दपार झाला. गुडघ्यांचे नियम असे लवकर आले, कारण गुडघा गेला की लंगडणारा माणूस सगळ्यांना दिसतो. डोक्याचं तसं नव्हतं.

२००५ मध्ये लीगने सॅपच्या ब्लॉकला उत्तर दिलं: जो खेळाडू स्पष्टपणे खेळाच्या बाहेर आहे, त्याच्यावर विनाकारण आदळणं हा फाउल. या वाक्यातला ‘विनाकारण’ हा शब्द पंचाच्या गळ्यात अडकलेला काटा आहे. कारण होतं की नव्हतं, हे कोण ठरवणार? क्लिफ्टनच्या बाबतीत सोपं होतं. तो केलीला पकडू शकला असता असं मला तरी चित्रफीत बघून वाटत नाही, आणि म्हणूनच सॅपचा बचाव मला पटत नाही. सॅप मात्र २०१३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये निवडला गेला. क्लिफ्टनही २००३ मध्ये परतला, आणि पॅकर्सने फेब्रुवारी २०११ मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला तेव्हा तो त्या संघात होता.

खरा पेच पडला तो हाइन्स वॉर्डमुळे. पिट्सबर्ग स्टीलर्सचा हा रिसीव्हर (पास झेलणारा), सेऊलमध्ये जन्मलेला, फेब्रुवारी २००६ च्या सुपर बोलमधला सर्वोत्तम खेळाडू, चेहऱ्यावर कायम हसू. रिसीव्हर लोक सहसा ब्लॉक टाळतात. वॉर्ड तो आवडीने करायचा. १९ ऑक्टोबर २००८ ला सिनसिनाटी बेंगल्सविरुद्ध त्याने नवोदित लाइनबॅकर (बचावपटू) कीथ रिव्हर्सला बाजूने येऊन असा ब्लॉक केला की रिव्हर्सचा जबडा मोडला. रिव्हर्सचाही हंगाम संपला. पंचांचा रुमाल नाही, नंतर लीगचा दंडही नाही.

आता हा ब्लॉक सॅपच्या मापाने मोजून बघा, माप कमी पडतं. रिव्हर्स खेळाच्या बाहेर नव्हता, तो चेंडूवाल्याच्या मागेच निघाला होता. वॉर्डने त्याला अडवलं नसतं तर प्रशिक्षकाने वॉर्डलाच झापलं असतं. म्हणजे ‘विनाकारण’ हा आरोप टिकत नाही. मग उरतं काय? तर कुठे लागला आणि रिव्हर्सला तो येताना दिसला होता का. समर्थक म्हणत होते की मान फिरती ठेवणं हे बचावपटूचं काम, आणि हेच बचावपटू मधल्या पट्ट्यात आलेल्या रिसीव्हरला रोज असंच तुडवतात, तेव्हा कोणी रडत नाही. या युक्तिवादात दम आहे, हे कबूल केलंच पाहिजे. वॉर्डने स्वतः त्या पट्ट्यात वर्षानुवर्षं मार खाल्ला होता. विरोधक जबड्याच्या एक्स-रेकडे बोट दाखवत होते.

२००९ मध्ये नियम आला तो ‘हाइन्स वॉर्ड नियम’ या नावानेच ओळखला गेला: ब्लाइंडसाइड ब्लॉक (समोरच्याला न दिसणाऱ्या बाजूने येऊन केलेला) करताना हेल्मेट, कोपरापुढचा हात किंवा खांदा समोरच्याच्या डोक्याला वा मानेला लागता कामा नये. वादाची जागा यामुळे सरकली. आधी लोक हेतूवर भांडायचे, आता ते स्लो मोशन थांबवून थांबवून इंचांवर भांडू लागले. सप्टेंबर २०१२ मध्ये सिअ‍ॅटलच्या गोल्डन टेटने डॅलसच्या शॉन लीला आडवं केलं, उठून प्रेक्षकांना दंड फुगवून दाखवले. पंचांनी फाउल दिला नाही, आणि लीगने नंतर २१,००० डॉलर वसूल केले. मैदानावर कायदेशीर, कार्यालयात बेकायदेशीर.

आणि मग ४ डिसेंबर २०१७, पुन्हा स्टीलर्स आणि बेंगल्स. जुजू स्मिथ-शुस्टर या २१ वर्षांच्या पोराने लाइनबॅकर व्हॉन्टेझ बर्फिक्टला उडवलं आणि पडलेल्या बर्फिक्टच्या छाताडावर उभं राहिल्यासारखा तो वरून बघत राहिला. दंड झाला, एका सामन्याचं निलंबन झालं. पण चर्चेचा सूर ऐकण्यासारखा होता. बर्फिक्ट स्वतः बदनाम. जानेवारी २०१६ च्या प्लेऑफमध्ये त्याने स्टीलर्सच्या अँटोनिओ ब्राउनच्या डोक्यावर मारलेल्या धडकेबद्दल त्याला तीन सामने बाहेर बसावं लागलं होतं. त्यामुळे पिट्सबर्गच्या चाहत्यांना तो ब्लॉक फेडलेलं ऋण वाटला. पडलेला माणूस दुसरा कोणी असता, तर याच लोकांनी याच ब्लॉकला काय म्हटलं असतं, हे सांगायला नको. डर्टी ठरवताना आपण धडक बघतो त्याहून जास्त जर्सी बघतो, असं मला वाटतं. त्याच रात्री, त्याच मैदानावर, स्टीलर्सचा रायन शेझिअर एका साध्या टॅकलमध्ये मणक्याला इजा होऊन कोसळला आणि पुन्हा कधी लीगमध्ये खेळला नाही. त्यात डर्टी काहीच नव्हतं.

या सगळ्यामागे आणखी एक धागा आहे. सॅपच्या ब्लॉकच्या दोनच महिने आधी, सप्टेंबर २००२ मध्ये, स्टीलर्सचा जुना सेंटर माइक वेबस्टर वारला. त्याच्या मेंदूची तपासणी बेनेट ओमालू या डॉक्टरांनी केली आणि २००५ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. फुटबॉल खेळाडूंमधल्या सीटीई या मेंदूविकाराची चर्चा तिथून सुरू झाली. वेबस्टर हा ब्लॉकच करणारा माणूस. पण त्याच्या नावावर एकही गाजलेला ब्लॉक नाही. दर खेळीला समोरच्याला डोकं भिडवायचं, सतरा हंगाम. लीगवर पुढे माजी खेळाडूंचे खटले आले, तडजोडीचे पैसे मोजावे लागले, आणि त्यानंतर नियम बदलण्याचा वेग वाढला हा योगायोग नाही. मात्र बदलले गेले ते टीव्हीवर दिसणाऱ्या ब्लॉकचे नियम.

मार्च २०१९ मध्ये संघमालकांनी ब्लाइंडसाइड ब्लॉकच सरसकट बंद केला. आजच्या कलमात हेतू नाही, डोकं-मान नाही, समोरचा गाफील होता का हेही नाही. ब्लॉक करणारा स्वतःच्या अंतिम रेषेकडे किंवा तिला समांतर धावत असेल आणि हेल्मेट, कोपरापुढचा हात किंवा खांद्याने जोरात आदळला, की फाउल. १५ यार्ड मागे. पंचाने आता फक्त पायांची दिशा बघायची. उघड्या तळव्यांनी अडवलं, नुसतं आड उभं राहिलं, तर चालतं.

परिणाम लगेच दिसला. पंट परत आणताना साठ-सत्तर यार्ड धावून केलेला टचडाउन, मागे कुठेतरी कोणीतरी खांदा लावला म्हणून रद्द होऊ लागला, आणि ज्याला तो खांदा लागला तो कित्येकदा लगेच उठून चालत बाहेर जाताना दिसतो. अशा वेळी समालोचक चिडतात. प्रशिक्षकही चिडतात, आणि सोमवारी सरावात पोरांना हात उघडे ठेवायला शिकवतात. वॉर्डचा ब्लॉक आज झाला असता तर रिव्हर्सचा जबडा शाबूत राहूनही स्टीलर्सना १५ यार्ड गमवावे लागले असते.