घरात कॅन्सर आणि पोटात गोळा

आईला किंवा वडिलांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला, की मुलांना स्वतःच्या पोटाची धास्ती बसते. ज्याकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं, ते आता रोज निरखलं जातं. आज दोनदा का जावं लागलं? पोट साफ झालं नाही असं का वाटतंय? डाव्या बाजूला हे काय ओढतंय? आठवडाभर सगळं ठीक असतं, आणि घरच्या रुग्णाच्या तपासणीचा दिवस जवळ आला की पुन्हा कळा सुरू होतात.

या भीतीला कुणी वेडेपणा म्हटलं तर मला राग येतो. १८९५ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले विकृतिशास्त्रज्ञ आल्ड्रेड वॉर्थिन यांना त्यांच्या ओळखीची एक शिवणकाम करणारी बाई म्हणाली, की आमच्या घरात बहुतेक जण कॅन्सरनेच जातात, मीही तशीच जाणार. वॉर्थिन यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी तिच्या घराण्याची वंशावळ मांडली आणि १९१३ मध्ये ती प्रसिद्ध केली. आज ज्याला लिंच सिंड्रोम म्हणतात, त्याच्या अभ्यासाची ही सुरुवात. डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणारं एखादं जनुक या घराण्यांत जन्मतःच नादुरुस्त असतं.

मात्र मोठ्या आतड्याच्या १०० कॅन्सरपैकी जेमतेम ३ लिंच सिंड्रोममुळे होतात. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी एकाला हा आजार असेल, तर आपला धोका साधारण दुप्पट होतो. 'दुप्पट' ऐकून पोटात धस्स होतं, म्हणून आकडा उलगडून बघू. अमेरिकेत आयुष्यभरात सुमारे २५ जणांमागे एकाला हा कॅन्सर होतो. त्याच्या दुप्पट म्हणजे २५ मागे दोघांना. उरलेल्या २३ जणांना होत नाही. नातेवाईक पन्नाशीच्या आत आजारी पडला असेल किंवा असे दोन नातेवाईक असतील, तर मात्र धोका याहून वाढतो.

मग रोजच्या या कळा येतात कुठून? भीतीने पोटात गोळा येतो, कालवाकालव होते, हे आपण बोलतोच, आणि ते शब्दशः खरं आहे. आतड्याच्या भिंतीत १० कोटींहून जास्त मज्जापेशींचं जाळं आहे आणि त्याचं मेंदूशी सतत बोलणं चालू असतं. ताण आला की मेंदूतून सुटणाऱ्या रसायनांमुळे मोठं आतडं जोरात आकुंचन पावतं, त्यामुळे घाई होते, पातळ होतं. शिवाय सतत लक्ष तिकडे लागलं की एरवी मेंदूपर्यंत न पोचणारी साधी हालचालही दुखू लागते. हे दुखणं खरं असतं, मनाचे खेळ नव्हेत. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढा शौचाचा पल्ला निरोगी माणसांतही आढळतो.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. हा कॅन्सर बहुधा पॉलिपपासून, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर उगवणाऱ्या छोट्या गाठीपासून सुरू होतो. तिचा कॅन्सर व्हायला साधारण १० वर्षं किंवा त्याहून जास्त काळ लागतो, आणि त्या काळात ती बहुतेक वेळा काहीच जाणवू देत नाही. म्हणजे पोट दुखतंय म्हणून कॅन्सर असेलच असं नाही, तसंच पोट शांत आहे म्हणून तपासणी टाळणंही बरोबर नाही. पॉलिप कोलोनोस्कोपीत, म्हणजे गुदद्वारातून कॅमेरा लावलेली नळी घालून केलेल्या तपासणीत, दिसतो आणि बहुतेकदा तिथल्या तिथे काढता येतो. असे पॉलिप काढलेल्या लोकांचा अमेरिकेत दीर्घकाळ पाठपुरावा झाला. २०१२ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा त्यांच्यातले या कॅन्सरचे मृत्यू अपेक्षेपेक्षा ५३ टक्के कमी होते.

म्हणून पोटाला रोज प्रश्न विचारण्यापेक्षा एक वय ठरवून घ्यावं. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला साठीच्या आत हा आजार झाला असेल, तर चाळिशीत, किंवा त्यांचं निदान ज्या वयात झालं त्याच्या १० वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा पहिली कोलोनोस्कोपी करावी, असा अनेक तज्ज्ञांचा सल्ला असतो. आईला ४७ व्या वर्षी झाला असेल, तर मुलीने ३७ व्या वर्षी.

काही गोष्टी मात्र त्या वयासाठी थांबत नाहीत. शौचातून रक्त जाणं, कारण नसताना वजन उतरणं, लोह कमी होऊन आलेला रक्तक्षय, काही आठवडे टिकलेला शौचाच्या सवयीतला बदल, झोपेतून उठवणारं पोटाचं दुखणं. रक्त दिसलं की 'मूळव्याधच असेल' हे आपलं आपण ठरवू नये, तिशीतही नाही.

डॉक्टरांकडे जाण्याआधी घरातल्या थोरांना विचारून ठेवावं, कुणाला कुठला कॅन्सर झाला आणि कितव्या वर्षी. फक्त आतड्याचाच नव्हे. वॉर्थिन यांना भेटलेली ती बाई पुढे कॅन्सरनेच गेली, पण तो गर्भाशयाचा होता. लिंच सिंड्रोममध्ये गर्भाशयाचा कॅन्सरही होतो. त्यामुळे 'वडिलांना आतड्याचा, आणि आत्याला ४४ व्या वर्षी गर्भाशयाचा' एवढं एक वाक्य सांगितलं, तरी डॉक्टर जनुकीय तपासणीचा विचार करतात. ती तपासणी सदोष जनुक दाखवणारी निघाली, तर कोलोनोस्कोपी विशीतही सुरू होऊ शकते आणि ठराविक वर्षांनी पुन्हा पुन्हा केली जाते.