कर्करोगाच्या पेशींतली वीज: ‘उत्तेजनक्षम’ शब्दाचा घोळ

गाठीतल्या पेशींचा विद्युतभार निरोगी पेशींहून वेगळा असतो, ही चर्चा तशी जुनी. १९७०च्या दशकात तिला सिद्धान्ताचं रूप आलं: पेशीपटलावरचा ऋण भार उतरला की पेशी विभाजनाला मोकळी होते. पुढे जनुकांचे दिवस आले आणि हा विषय माळ्यावर गेला.

तो खाली आला १९९५मध्ये. लंडनमधल्या एका गटाने उंदरांच्या प्रोस्टेट कर्करोगाचे दोन पेशीवंश (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या पिढ्या) तपासले. सपाट्याने पसरणाऱ्या वंशात सोडियम चॅनेलमधून, म्हणजे सोडियमचे भारित कण आत सोडणाऱ्या पेशीपटलावरच्या दारांतून, प्रवाह वाहत होता, जेमतेम पसरणाऱ्यात नव्हता. फुगा माशात सापडणाऱ्या टेट्रोडोटॉक्सिन या विषाने चॅनेल बंद केल्यावर पहिल्या वंशाची घुसखोरी सुमारे एक तृतीयांशाने घटली.

इथूनच ‘उत्तेजनक्षम’, म्हणजे चेतापेशीसारखी विजेची झटपट ठिणगी टाकू शकणारी पेशी, हा शब्द सैल हाताने वापरला जाऊ लागला. चेतापेशी -७० मिलिव्होल्टच्या आसपास विसावते, तिची ठिणगी एक-दोन मिलिसेकंदांत संपते. स्तनाच्या आक्रमक कर्करोगाच्या प्रयोगशाळेतल्या पेशी -२०च्या आसपास असतात. तिथे बहुतेक सोडियम चॅनेल निष्क्रिय होऊन बसतात, थोडीशी गळती तेवढी उरते. घरात वायरिंग आहे म्हणून दिवा लागतोच असं नाही! २०२२मध्ये व्होल्टेजनुसार चमक बदलणारा रंग वापरून अशा पेशी कॅमेऱ्याखाली पाहिल्या, तेव्हा काही खरंच लुकलुकताना दिसल्या. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी वंशाच्या पेशी शांत होत्या. पण हे लुकलुकणं संथ होतं. ‘कर्करोगाच्या पेशी मेंदूसारख्या बोलतात’ हे मथळे त्यावर उभे राहिले, आणि ते मला उतावळे वाटतात. चेतापेशीसारख्या ठिणग्या नोंदल्या गेल्या त्या फुफ्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगात. २०२५च्या संशोधनाने त्या आजाराच्या वाढीशीही जोडल्या. पण त्या पेशी मुळातच चेतापेशींच्या जवळच्या. मेंदूतल्या ग्लायोमाच्या पेशी चेतापेशींशी सिनॅप्स (संदेश देणारे सांधे) जोडतात, हे २०१९मध्ये दिसलं. तो आणखी तिसरा प्रकार.

आपल्याकडे हा वाद थेट ऑपरेशनच्या टेबलावर पोचला. मुंबईच्या पुढाकाराने देशातल्या ११ केंद्रांत स्तनकर्करोगाच्या सुमारे १,६०० रुग्णांवर चाचणी झाली. एका गटात गाठीभोवती ०.५ टक्के लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध टोचायचं, सात ते दहा मिनिटं थांबायचं, मग सुरी लावायची. पाच वर्षांनी या गटात ९०.१ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यात ८६.४. लिग्नोकेन सोडियम चॅनेल बंद करतं, म्हणून वीजवाल्यांनी हा निकाल आपल्या खात्यावर जमा केला. पण या औषधाचे पेशींवर इतरही परिणाम होतात. शिवाय दुसऱ्या गटाला नुसत्या सलाईनचं इंजेक्शनही दिलं नव्हतं, त्यामुळे फरक औषधाचा की नुसत्या टोचण्याचा, हे वेगळं करता येत नाही.