दोऱ्याचा पीळ

शिवणाच्या दोऱ्याचे टोक चिमटीत धरून तो उलट दिशेने पिळत गेल्यास त्याचे दोन किंवा तीन पदर सुटे होतात. त्यांतील एक पदर आणखी उलगडला, तर अखेरीस हातात कापसाचे मोकळे तंतू उरतात आणि जराशा ओढीनेही ते एकमेकांपासून निसटतात. हे तंतू साधारण २५ ते ३० मिलिमीटर लांबीचे असतात. त्यांच्यापासून शेकडो मीटर लांबीचा अखंड दोरा तयार होतो, तो कोणत्याही चिकट पदार्थामुळे नव्हे, तर केवळ पिळामुळे. दोरा ताणला की पिळातील तंतू एकमेकांवर अधिक दाबले जातात, त्यांच्यातील घर्षण वाढते आणि निसटण्याऐवजी ते परस्परांना धरून ठेवतात.

एकाच पदराला भरपूर पीळ दिला, तर तो सैल सोडताच स्वतःभोवती वळतो व त्याच्या गाठी होतात. म्हणून प्रत्येक पदर एका दिशेने पिळून, असे दोन-तीन पदर एकत्र करून त्यांना विरुद्ध दिशेने पीळ देतात. दोन्ही पीळ एकमेकांना तोलून धरतात आणि दोरा शांत, सरळ राहतो. कापड विणण्याचे सूत आणि शिवणाचा दोरा यांतील महत्त्वाचा फरक मला येथेच दिसतो.

या अखेरच्या पिळाची दिशाही विचारपूर्वक ठरवलेली असते. दोरा उभा धरल्यास बहुतेक शिवणदोऱ्यांवरील तिरप्या रेषा खालून डावीकडून वर उजवीकडे जाताना दिसतात. इंग्रजी झेड अक्षराच्या मधल्या रेषेप्रमाणे असल्यामुळे याला झेड पीळ म्हणतात. नेहमीच्या शिलाई मशीनमध्ये बॉबिनजवळचा (खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाजवळचा) आकडा दोऱ्याचा फास फिरवतो, तेव्हा झेड पीळ घट्ट होण्याकडे कल असतो, तर उलटा पीळ सुटू लागतो. शिवाय टाक्यात पक्का बसण्यापूर्वी दोऱ्याचा तोच भाग सुईच्या नेढ्यातून आणि कापडातून अनेकदा मागेपुढे घासला जातो. पीळ सैल असेल तर तो येथेच पिंजतो.

यंत्रापूर्वीच्या युरोपात शिवणासाठी मुख्यतः जवसाच्या खोडापासून काढलेल्या तागासारख्या तंतूचा आणि रेशमाचा दोरा वापरत. नेपोलियनच्या नाकेबंदीमुळे ब्रिटनमध्ये रेशीम दुर्मीळ झाले, तेव्हा स्कॉटलंडमधील पेझ्ली येथे क्लार्क कुटुंबाने कापसाचा गुळगुळीत दोरा काढला. पुढे १८४४ च्या सुमारास इंग्रज रसायनतज्ज्ञ जॉन मर्सर यांना कॉस्टिक सोड्यात कापूस फुगतो, बळकट होतो व रंग चांगला धरतो असे आढळले. १८९० च्या सुमारास होरेस लो यांनी हीच क्रिया सूत ताणून धरून केली, तेव्हा त्यावर चकाकी आली. कापसाचा वाळलेला तंतू चपट्या, मुरडलेल्या फितीसारखा असतो. सोड्यात तो फुगून गोलसर होतो, त्यामुळे प्रकाश अधिक एकसारखा परावर्तित होतो.

पॉलिएस्टर तंतू १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये तयार झाला. तो कापसापेक्षा मजबूत आहे आणि पाणी जवळजवळ शोषत नाही, परंतु सुमारे २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतो. कारखान्यांतील वेगवान मशीन मिनिटाला काही हजार टाके घालते. जाड कापडात घर्षणाने सुई इतकी तापू शकते की हा दोरा नेढ्यातच वितळून तुटतो. कापूस वितळत नाही. म्हणून पॉलिएस्टरच्या गाभ्याभोवती कापूस कातून दोरा करतात: ताकद गाभ्याची, उष्णतेपासून रक्षण कापसाचे. तंबूच्या शिवणीत या कापसाचा आणखी एक उपयोग होतो. पावसात तो फुगतो आणि सुईने पडलेली छिद्रे बुजवतो.

रिळावर काही लिहिलेले नसेल, तर दोऱ्याचा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा. कापूस कागदासारख्या वासाने जळतो व मऊ राख उरते. पॉलिएस्टर आक्रसून त्याचा कडक मणी होतो. शिवलेला सुती कपडा पुन्हा रंगवायचा असेल, तर ही परीक्षा आधीच करावी, कारण सुती रंग पॉलिएस्टरला धरत नाही आणि टाके जुन्याच रंगाचे राहतात.

मात्र सर्वांत मजबूत दोरा सर्वांत योग्य, असे मी मानत नाही. रेशमी साडीला फॉल लावताना बारीक सुती दोरा घ्यावा. काठात पाय अडकला, तर टाका तुटतो व साडी वाचते. टाका पुन्हा घालता येतो.